पहिल्या लोच्याही खाली

बागायतदार : काका, माझ्या फोर बाय फोर पिकअपचा पहिला लो मला आणखी खाली आणायचाय. ओझरची द्राक्षबाग सपाट आहे, तिथं कधी अडत नाही. अडतं ते पेठच्या अंगाला, कोटंबी घाटापलीकडं घेतलेल्या डोंगरातल्या जमिनीत. तिथं आंब्याची कलमं लावलीत. वर जायचा रस्ता म्हणजे कातळाच्या चार-पाच पायऱ्या, मध्ये मुरूम, मध्ये पावसानं पाडलेल्या घळी. ठिबकच्या नळ्यांची बंडलं, खताच्या गोण्या, पाण्याचे दोनशे लिटरचे ड्रम, सगळं याच गाडीनं चढतं. लोमध्ये पहिला टाकून क्लच पूर्ण सोडला आणि ॲक्सिलरेटरला पायही लावला नाही, तरी गाडी ज्या वेगानं सरकते तो वेग त्या कातळावर जास्त होतो. पुढचं चाक पायरीवरून आदळतं, मागे ड्रम उडतो, पाय आपोआप ब्रेकवर जातो, इंजिन गुदमरतं, मग क्लच दाबावा लागतो. आणि भरल्या गाडीचा क्लच उतारावर दाबला की गाडी माझ्या हातात राहत नाही. दोन वर्षांत दोन क्लच प्लेटा जळाल्या. ट्रान्सफर केसमध्ये जास्त घट देणारे गिअर बसले, तर हे सगळं थांबेल असं माझं मत आहे.

मिस्तरी : आधी हिशेब मांडू. तुझ्या गाडीचा पहिला गिअर धर ४, ट्रान्सफर केसचा लो अडीच, एक्सलमधलं क्राऊन-पिनियन ४. गुणाकार चाळीस. म्हणजे इंजिनाच्या चाळीस फेऱ्यांना चाकाची एक फेरी. इंजिन आयडलवर मिनिटाला ८०० फेऱ्या फिरतं, तेव्हा चाक वीस फेऱ्या घेतं. तुझा टायर २९ इंची, त्याचा परीघ साधारण २.३ मीटर. मिनिटाला ४६ मीटर झाले, तासाला पावणेतीन किलोमीटर. माणूस चार-पाच किलोमीटरनं चालतो. तू आत्ताच माणसापेक्षा हळू चाललायस.

आता ओढ बघ. इंजिनाचा टॉर्क धर २०० न्यूटन-मीटर. घर्षणाचा तोटा सोडला तर चाळीसपटीनं चाकांवर ८००० येतात. रिकामी गाडी दोन टन, कोरड्या कातळावर टायरची पकड वजनाच्या शेकडा ऐंशी धरली, तर चारही चाकं मिळून जमिनीला ५८०० च्या आसपासच देऊ शकतात. त्यापुढं टायर घसरतो. म्हणजे टायर पेलू शकत नाही एवढी ओढ कारखान्यानं तुला आधीच दिलेली आहे. त्यात भर घालून ती जाणार कुठं? ती जमिनीत उतरणार नाही, लोखंडात साठेल.

बागायतदार : तुमचा हिशेब बरोबर आहे, पण मी ओढ मागितलीच नाही. मला संथपणा हवाय. तुमचे ८००० न्यूटन-मीटर मिळतात ते इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर आलं की. तोवर गाडी पाच-सात किलोमीटरच्या वेगात असते, आणि त्या पायरीवर सात किलोमीटर म्हणजे उडी. लो अडीचऐवजी चार केला, तर चाळीसचे चौसष्ट होतात. आयडलवर चाक साडेबारा फेऱ्या घेईल, गाडी तासाला पावणेदोन किलोमीटर, सेकंदाला अर्धा मीटरही नाही. एवढ्या वेळात चाक पायरीला टेकतं, टायर दबतो, स्प्रिंगा बसतात, मग गाडी उचलली जाते. पावणेतीनात हे सगळं एकदम होतं, त्याला आपण आदळणं म्हणतो.

आणि ही काही माझ्या डोक्यातली खुळी कल्पना नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचा पहिला गिअर २.६६, लो १.९७ आणि क्राऊन-पिनियन ४.८८, म्हणजे गुणाकार साडेपंचवीसच. पुढं सीजे-३बी आली, जी महिंद्रांनी आपल्याकडं वर्षानुवर्षं बनवली. तिच्यात पहिला २.८०, लो २.४६, क्राऊन-पिनियन ५.३८, म्हणजे सदतीस. घट जवळजवळ दीडपट झाली. अमेरिकेत २००३ साली जीपनं रुबिकॉन नावाच्या गाडीत कारखान्यातूनच ४ चा लो दिला, आणि पुढं तिच्या हातगिअरच्या गाडीचा गुणाकार चौऱ्याऐंशीवर गेला. टोयोटाच्या जुन्या चार सिलिंडरच्या पिकअपवाले तर एका ट्रान्सफर केसच्या मागं दुसरी जोडतात. प्रत्येकीत २.२८ ची घट. पहिला गिअर ३.९५ आणि मागचा ४.१० धरला, तर एका केसला सदतीस आणि दोन्हींना मिळून चौऱ्याऐंशी. दोन वेगळ्या वाटांनी माणसं त्याच आकड्यावर पोचली, याचा अर्थ खडकाला तेवढं लागतंच.

मिस्तरी : खडकाला लागतं, हे मान्य. तुझ्या गाडीला झेपतं का, हा माझा प्रश्न. मी आयुष्य मिग विमानांच्या कारखान्यात लेथ आणि गिअरच्या मशिनींपुढं काढलंय. तिथं एक गोष्ट अंगात भिनली : कुठलाही भाग एकटा बदलत नाही. त्याच्या मागच्या-पुढच्या प्रत्येक भागाला विचारावं लागतं.

तुझ्या ट्रान्सफर केसमध्ये घट दोन प्रकारे असू शकते. एक, साध्या दातांच्या चक्रांची जोडी. दोन, ग्रहचक्र : मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कंकण. साध्या जोडीत दोन शाफ्टांमधलं अंतर हाउसिंगमध्ये ओतलेलं असतं, ते तू हलवू शकत नाहीस. म्हणून घट वाढवायची तर मोठं चक्र आणखी मोठं आणि छोटं आणखी छोटं, दातांची बेरीज तीच. छोट्या चक्राचे दात १७ च्या खाली गेले की वीस अंशांच्या दाबकोनात दाताचं मूळ कापलं जातं. रूपरेषा सरकवून ते वाचवता येतं, पण शाफ्टभोवतीचं लोखंड तरी पातळ होतंच. ग्रहचक्रात थोडी मोकळीक आहे. तिथं कंकणाचे दात भागिले सूर्याचे दात, त्यात एक मिळवला की घट येते. चारच्या घटीला कंकण सूर्याच्या तिप्पट, आणि तेव्हा ग्रह आणि सूर्य अगदी सारख्या आकाराचे होतात. देखणी रचना आहे, मला ती आवडते. रुबिकॉनमध्ये टिकते, कारण तिचे पुढचे भाग त्यासाठी मोजून घेतलेत.

पुढचे भाग म्हणजे काय, ते तुला वाघाडच्या कालव्यावरून सांगतो. ओझरच्या पाणीवापर संस्था तू लहानपणापासून बघतोयस. वरच्या गेटातून पाणी वाढवलं तर गेटाला काही होत नाही. फुटते ती खालची चारी, आणि तीही सगळ्यात अरुंद जागी. टॉर्कही तसाच वाहतो. ट्रान्सफर केसमध्ये घट वाढवलीस, की तिच्या पुढचं सगळं जास्त टॉर्क वाहू लागतं : प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, क्राऊन-पिनियन, डिफरन्शियलमधली छोटी चक्रं, शेवटी एक्सलचा शाफ्ट. तीच घट क्राऊन-पिनियनमध्ये घेतलीस तर प्रोपेलर आणि क्रॉस सुटतात, भार फक्त एक्सलवर येतो. युनिमॉगसारख्या गाडीत शेवटची घट चाकाच्या हबमध्येच असते, त्यामुळं एक्सलचा शाफ्टही सुटतो. घट जितकी चाकाजवळ, तितके तिच्या अलीकडचे भाग निवांत. तू सगळ्यात स्वस्त जागा निवडतोयस, आणि त्या जागेच्या पुढं सगळ्यात जास्त भाग आहेत.

बागायतदार : मग क्राऊन-पिनियनच बदलू?

मिस्तरी : बदल, पण दोन्हीकडं. पुढच्या आणि मागच्या एक्सलचा आकडा सारखा नसेल, तर फोर बाय फोर टाकल्याबरोबर दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडायला लागतात आणि त्यांच्यामधली सगळी साखळी पिळली जाते. शिवाय त्या जोडीची घट चोवीस तास सोबत राहते. ४ ची ४.८८ केलीस तर मुंबई-आग्रा महामार्गावर प्रत्येक वेगाला इंजिन शेकडा बावीस जास्त फिरेल. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन रोज जायचंय तुला. डोंगर महिन्यातून चार वेळा, हायवे रोज. आणि एवढं करून चाळीसचे फक्त एकोणपन्नास होतात.

बागायतदार : म्हणूनच मी ट्रान्सफर केस म्हणतोय, काका. लोचा दांडा ओढला नाही तर गाडी जशीच्या तशी. पण तुमच्या तुटण्याच्या मुद्द्याला मला उत्तर द्यायचंय, कारण मला वाटतं की तिथं तुम्ही एक गोष्ट सोडताय. मी डोंगरात तुटलेल्या गाड्या बघितल्यात. एक्सल तुटतो तो संथ ओढीनं नाही. पायरी चढेना म्हणून माणूस चार हात मागं येतो, रेस करून झोकानं घुसतो, चाकं हवेत उचलली जातात, फिरत्या चाकांनी गाडी कातळावर परत टेकते, आणि त्या क्षणी कडाक आवाज येतो. तो झटका इंजिनाच्या टॉर्कचा नसतो, फिरत्या चाकांच्या आणि फ्लायव्हीलच्या साठलेल्या वेगाचा असतो. आणि माणूस झोक का घेतो? गिअर उंच आहे म्हणून. पावणेदोन किलोमीटरनं पायरी चढता आली, तर झोक घ्यायचं कारणच उरत नाही. तुम्ही ज्याला लोखंडावरचा भार म्हणता, तो कमी घटीनं वाढतो, हे मी माझ्या दोन क्लच प्लेटांवरून सांगतो.

आणि आजकालच्या डिझेलला आयडलवर इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर असतो. फेऱ्या पडायला लागल्या की तोच जास्त डिझेल सोडतो. पायाचा काही संबंध नाही. घट पुरेशी असेल तर तिन्ही पेडलांना न शिवता गाडी चढते. मला तेच हवंय : माझा पाय त्यातून बाहेर.

मिस्तरी : हा मुद्दा मी धरून ठेवतो, तो खरा आहे. झटक्यानं तुटतं, आणि संथ गिअर झटका कमी करतो. याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि मी ते शोधणारही नाही.

पण तुझ्याच वाक्यातून माझी शंका निघते. पाय बाहेर काढलास, तर गाडीला थांबवणार कोण? आज काय होतं बघ. मागचं चाक दोन धोंड्यांत अडकलं. इंजिन जोर लावतं, जमत नाही, गुदमरतं, बंद पडतं. किंवा क्लच घसरतो, वास येतो. तुला राग येतो, पण ते बंद पडणं म्हणजे घरातला फ्यूज आहे. क्लच प्लेट जळाली म्हणजे एक्सल वाचला. चौसष्टच्या घटीला तेच इंजिन गुदमरणार नाही. तुझा गव्हर्नर डिझेल वाढवत राहील, आणि अडकलेल्या चाकाचा शाफ्ट पिळत राहील. डिफरन्शियल लॉक असेल तर मागच्या एक्सलचा सगळा टॉर्क त्या एकाच शाफ्टवर.

त्यात तुझी गाडी भरलेली. रिकाम्या गाडीचा हिशेब मी मघाशी केला, टायर ५८०० ला घसरतो. घसरणं हाही फ्यूजच आहे. तीन टनांच्या गाडीला टायर ८७०० पर्यंत धरून ठेवतो. आजच्या तुझ्या चाळीसच्या घटीला चाकांवर जास्तीत जास्त ८००० येतात, म्हणजे भरल्या गाडीत टायर घसरण्याआधी इंजिन हात टेकतं. चौसष्टला १२८०० येतात. कारखान्यानं अडीचचा लो निवडला तो कंजूषपणानं निवडला असं मला वाटत नाही. भरल्या पिकअपची पकड आणि एक्सलची ताकद यांच्या मध्ये तो आकडा बसतो. रुबिकॉन माणसं वाहते. तुझी गाडी ओझं वाहते. हा फरक तुझ्या चौऱ्याऐंशीच्या आकड्यात कुठंच दिसत नाही.

बागायतदार : ओझ्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग तो उलट बाजूनंही बघा. ओझं चढताना जेवढं अडवतं तेवढंच उतरताना ढकलतं. माझी खरी भीती उतरण्याची आहे. पिकअपची मागची बाजू भरलेली, पुढं दरी, कातळ ओला. ब्रेक लावत उतरलो तर ब्रेकचे ड्रम तापतात आणि पकड सुटते. इंजिनाचा अडसर जेवढ्या पटीत चाकावर पोचतो ती पट म्हणजे हीच घट. चाळीसला गाडी इंजिनाला ढकलून पंधराशे फेऱ्यांवर नेते, मी सव्वापाच किलोमीटरनं उतरत असतो. चौसष्टला तेच इंजिन गाडीला धरून ठेवील. इथं एक्सल तुटायचा प्रश्न कमी आणि माझ्या जिवाचा जास्त. नव्या गाड्यांत उतारावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते, ती माझ्या गाडीत नाही. असली तरी ती शेवटी ब्रेकच तापवणार.

मिस्तरी : उतरणीच्या बाबतीत मी तुझ्या बाजूचा आहे, कातळापुरता. ओल्या मुरमावर नाही. मुरमावर चाक गाडीपेक्षा हळू फिरायला लागलं की ते घसरगुंडी होतं. तेव्हा उपाय उलटा असतो : हलकी रेस देऊन चाकाला गाडीच्या वेगाशी जुळवायचं, पकड परत आणायची. पावणेदोन किलोमीटरला बांधलेलं चाक तिथं जुळवायचं तर रेस खूप द्यावी लागते, आणि घाबरलेला माणूस नेमका उलटं करतो. तुला दुसऱ्या लोमध्ये उतरायची सवय लावावी लागेल, आणि कुठं पहिला, कुठं दुसरा, हे पायरीच्या वरच ठरवावं लागेल. लोमधून बाहेर पडायला गाडी उभी करावी लागते, हे धरून.

आणि खाली आपल्या निफाडच्या काळ्या मातीत हा गिअर काही कामाचा नाही, हे तुला सांगायची गरज नसावी. काळी माती टायरच्या खाचांत बसली की टायर गुळगुळीत होतो. चाक जरा वेगानं फिरलं तरच ती माती उडते. तिथं तू तिसरा-चौथा लो वापरशील. म्हणजे एकाच दांड्यानं दोन वेगळ्या जमिनींचं काम करायचंय.

बागायतदार : त्याला दोन केसची जोडणी हा उपाय आहे. जुना लो जसाच्या तसा राहतो, आणि त्याखाली दुसरा मिळतो.

मिस्तरी : राहतो. पण दुसरी केस बसली की सगळं मागं सरकतं. मागचा प्रोपेलर आखूड होतो, आखूड झाला की त्याचा कोन वाढतो, कोन वाढला की हायवेवर थरथर येते आणि क्रॉस लवकर खलास होतात. जिप्सीसारख्या गाडीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, छोट्या शाफ्टनं जोडलेली असते, तिथं आतले गिअर बदलणं त्या मानानं सोपं. तुझ्या गाडीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली आहे. शिवाय तेल. आतली चक्रं फिरून तेल उडवतात तेव्हा बेअरिंगपर्यंत तेल पोचतं. भार सगळ्यात जास्त आणि फिरणं सगळ्यात हळू, अशा वेळी दातांमधला तेलाचा पापुद्रा पातळ होतो. तासन्तास पावणेदोन किलोमीटरनं चढलास, तर दर पावसाळ्याला तेल काढून त्यात चुरा आलाय का ते बघावं लागेल.

अजून एक, तुला आवडणार नाही असं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठासून सांगितलंय. नोंदणीच्या पुस्तकात ट्रान्सफर केसच्या आतल्या दातांचा आकडा छापलेला नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचार, असं मी म्हणेन. ही गाडी डोंगरातून उतरून पोरं शाळेत जातात त्याच रस्त्यावर येते.

बागायतदार : विचारतो. पण काका, तुमच्या सगळ्या हरकतींनंतर प्रश्न कुठं आला ते बघा. सुरुवातीला मी विचारत होतो की गिअर किती खाली आणावा. आता मला कळतंय की गिअर खाली आणला की आज इंजिन आणि क्लच जो नकार देतात तो नकार मी त्यांच्याकडून काढून घेतो. तो मग कुणाकडं द्यायचा? माझ्या कानाकडं? माझ्या शहाणपणाकडं? मला वाटतं मी तो घेऊ शकतो. दोन वर्षांत त्या वाटेवरची दर पायरी मला पाठ झालीय.

मिस्तरी : तू घेशील. तुझा ड्रायव्हर घेईल का? आंब्याच्या हंगामात तू बागेत आणि तो गाडीवर असेल. ज्याला हे पाठ नाही त्याच्या हाती न गुदमरणारी गाडी द्यायची का, याचं उत्तर माझ्या दात कापायच्या हॉबिंग मशिनीत नाही.

बागायतदार : आणि हेही विचारा : पाठ नसलेल्या माणसाच्या हाती झोक घ्यायला लावणारी, उतरताना ब्रेकवर जगणारी गाडी द्यायची का? आज मी तीच देतोय.

मिस्तरी : खरं आहे. दोन्ही गाड्यांत धोका आहे, फक्त वेगळ्या जागी. तुझा सगळ्यात वाईट दिवस उतरणीवर येईल. माझ्या मते तो अडकलेल्या चाकावर येईल. आपल्यापैकी बरोबर कोण, ते आज सांगता येत नाही.

बागायतदार : मग आज काय करायचं?

मिस्तरी : आज टायर. तू मागच्या वर्षी ३३ इंची टायर घालायचा विचार करत होतास, तो सोड. २९ चे ३३ केलेस तर चाळीसची घट पस्तीसवर येते, म्हणजे आपण जे वाढवायला बसलोय तेच तू कमी करशील. कातळ चढण्याआधी ओझ्याला झेपेल तेवढी हवा कमी कर, वर पोचलास की परत भर, पंप गाडीत ठेव. ड्रम निम्मे भरून दोन खेपा कर. आणि रविवारी गाडी इथं आण. जॅकवर घेऊ, मागचं चाक काढू, एक्सलचा शाफ्ट ओढून बाहेर घेऊ आणि त्याच्या स्प्लाइनजवळची जाडी मायक्रोमीटरनं मोजू. तिथंच तो सगळ्यात बारीक असतो. तो आकडा कागदावर येईपर्यंत ट्रान्सफर केसचा एकही बोल्ट मी सोडणार नाही.